मोरचूद, फोनचा कॅमेरा आणि लाल आकडा

इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, जिथे कुठे असाल तिथे आज फोन हाताशी ठेवा. विषय आहे शाळेतलं रसायनशास्त्र.

आधी माझी चूक सांगतो. शाळेत टॅबलेट आले तेव्हा मी हरखून गेलो. वर्षभर सगळे प्रयोग पडद्यावरच दाखवले, काचेची भांडी कपाटात राहिली. वर्षअखेरीस मोरचुदाचं द्रावण टेबलावर ठेवून विचारलं, "हे काय?" एक मुलगी म्हणाली, "सर, शाई?" कॉपर सल्फेटचं सूत्र तिला तोंडपाठ होतं! तेव्हापासून टॅबलेट प्रयोगाच्या शेजारी ठेवतो, प्रयोगाच्या जागी नाही.

आता तोच मोरचूद घेऊन एक प्रयोग करू. 200 मिलिलिटर शुद्ध पाण्यात (बॅटरीत घालतात ते चालेल) 20 ग्रॅम मोरचूद विरघळवा. पाच सारखे ग्लास घ्या. त्यांत अनुक्रमे 50, 40, 30, 20 आणि 10 मिलिलिटर द्रावण ओता आणि पाणी घालून प्रत्येक ग्लास 50 मिलिलिटरपर्यंत भरा. झाली पाच तीव्रतेची द्रावणं. मागे पांढरा कागद लावा आणि रंगाचे आकडे दाखवणारं एखादं मोफत अ‍ॅप उघडा. ते लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे देतं, प्रत्येक 0 ते 255 मधला.

मुलं हमखास निळा आकडा बघतात, कारण द्रावण निळं. पण खरी गंमत लाल आकड्यात आहे. मोरचुदाचं द्रावण लाल प्रकाश शोषून घेतं आणि निळा पुढे जाऊ देतं, म्हणून ते निळं दिसतं. तीव्रता वाढली की लाल आकडा उतरतो. तीव्रता आडव्या अक्षावर, लाल आकडा उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. मग सहावा ग्लास स्वतः तयार करा, पण त्यात किती द्रावण घातलं ते सांगू नका. आलेखावरून मुलं ते शोधून काढतात.

पहिल्यांदा आमचे आकडे वेडेवाकडे आले. आम्हाला वाटलं, द्रावणच चुकलं. पण दोष कॅमेऱ्याचा होता. समोरचं दृश्य बदललं की फोन उजेड आणि रंग आपणहून जुळवून घेतो. उपाय सोपा आहे. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून पक्का ठेवा, उजेड बदलू देऊ नका, आणि अ‍ॅपमध्ये सोय असेल तर उजेड व रंग 'लॉक' करा. उपकरणाचं बोलणंही तपासून घ्यावं लागतं, हा धडा मुलांना त्या दिवशी फुकट मिळाला.

यानंतर टॅबलेट उघडा. भौतिकशास्त्राचं 2001 चं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्याची सिम्युलेशन्स मोफत आहेत, अनेक मराठीतही आहेत. त्यांतल्या 'बीअरचा नियम' या प्रयोगशाळेत कॉपर सल्फेट निवडता येतं. प्रकाशाचा रंग बदला, भांड्याची रुंदी वाढवा, किती प्रकाश आरपार गेला ते पाहा. रुंदी बदलणारा ग्लास आपल्याकडे नाही, पडद्यावर आहे. हातानं जे करता येत नाही, तिथे टॅबलेट कामाला येतो.

दोन सूचना. मोरचूद विषारी आहे, म्हणून स्वयंपाकघरातले ग्लास वापरू नका आणि नंतर हात साबणानं धुवा. उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, बाटलीत भरून नाव लिहून ठेवा. त्यातल्याच सगळ्यात फिक्या द्रावणात घासून स्वच्छ केलेले लोखंडी खिळे टाकता येतील. खिळ्यांवर तांबं चढतं आणि निळा रंग फिका होत जातो. दर दहा मिनिटांनी आकडे टिपायला मुलांना सांगा.

लाल आकडा आता चढेल की उतरेल? उत्तर आधी वहीत लिहा, मग फोन उचला.