उकळलं तरी न जाणारं विष

केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालातला ४४० जिल्ह्यांचा आकडा एव्हाना सगळ्यांनी वाचला असेल. २०१७ मध्ये भूजलात नायट्रेट जास्त असलेले जिल्हे ३५९ होते, २०२३ मध्ये ते ४४० झाले. सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांत आपले सात आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, बीड, नांदेड. यातला बहुतेक भाग कपाशीचा.

मातीच्या कणांवर ऋणभार असतो आणि नायट्रेटवरही. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. कपाशीच्या बुडाशी टाकलेल्या युरियाचं जिवाणू नायट्रेट करतात. पिकानं उचललं नाही ते जोराच्या पावसाबरोबर खाली उतरतं आणि विहिरीला मिळतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची. हिशेब केला तर एका ४५ किलोच्या गोणीतलं नत्र सुमारे २० लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. शोषखड्डे, उकिरडे आणि गावचं सांडपाणी यांचाही वाटा आहेच, पण खताचा वाटा नाकारता येणार नाही.

१९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी निळी पडलेली तान्ही बाळं पाहिली. हृदयात दोष नव्हता. बाळांचं वरचं दूध शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलं जात होतं, आणि त्या पाण्यात नायट्रेट होतं. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. काळजीपोटी आई पाणी जितकं जास्त उकळते, तितकं ते आटतं आणि नायट्रेट दाट होतं. तुरटी आणि क्लोरीनही इथे निरुपयोगी. हे आपल्या दवाखान्यांच्या भिंतींवर लिहिलेलं असायला हवं.

दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं मला मान्य नाही. युरियाची गोणी सुमारे २६७ रुपयांना आणि डीएपीची साडेतेराशेला मिळत असेल, तर हात कुठे जाणार? माती परीक्षणानुसार मात्रा, ती दोन-तीन हप्त्यांत देणं आणि तूर, मुगाची फेरपालट हे उपाय कृषी विद्यापीठं कधीची सांगताहेत. खतांच्या किमतीचं धोरण मात्र उलट दिशेला ओढतं. ते आधी बदलायला हवं.

तोवर पावसाळा संपला की ग्रामपंचायतीकडे आपल्या विहिरीचा तपासणी अहवाल मागा. ‘पाणी पिण्यायोग्य’ या शेऱ्यावर थांबू नका, नायट्रेटचा आकडा विचारा. तो ४५ च्या वर असेल, तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं दूध त्या पाण्यात कालवू नका.