‘लॉजवर छापा, महिलांची सुटका’... त्यानंतर काय होतं? वेश्याव्यवसाय, पिटा कायदा आणि न मिटलेला वाद

‘हायवेवरील लॉजवर पोलिसांचा छापा, दोन पीडित महिलांची सुटका, मॅनेजर ताब्यात.’ अशी बातमी महिन्या-दोन महिन्यांत एकदा तरी आपल्या मोबाईलवर येतेच. सोबत तोंडाला ओढणी बांधलेल्या बायांचा फोटो असतो. खाली कमेंट असतात, ‘बंद करा हे सगळं’ किंवा ‘एकदाचं कायदेशीर तरी करून टाका’. सुटका झालेली बाई पुढं कुठं गेली, ते मात्र कुणी विचारत नाही. ‘कायदेशीर करा’ म्हणजे नेमकं काय, यावरही गावच्या पारावर आणि टीव्हीवर सारखाच गोंधळ आहे. म्हणून आधी आपला कायदा काय म्हणतो ते बघू.

धंदा गुन्हा आहे का?

सरळ उत्तर असं, की सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं हा आपल्या देशात गुन्हा नाही. मात्र त्याच्या आजूबाजूचं जवळजवळ सगळं गुन्हा आहे. कायदा 1956 चा, अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा. 1986 मध्ये त्यात मोठा बदल झाला. पोलीस ठाण्यात आणि बातम्यांत त्याला ‘पिटा’ म्हणतात.

कलम 3 नुसार कुंटणखाना चालवणं गुन्हा. कलम 5 नुसार बाईला या धंद्यात आणणं गुन्हा, त्याला 3 ते 7 वर्षं सक्तमजुरी. शाळा, देऊळ, मशीद, दवाखाना अशा ठिकाणांपासून 200 मीटरच्या आत धंदा केला, तर कलम 7 नुसार बाई आणि गिऱ्हाईक दोघांवर कारवाई होते. रस्त्यावर उभं राहून, खुणा करून गिऱ्हाईक बोलावणं हा कलम 8 चा गुन्हा. पहिल्यांदा सापडली तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड. व्यवहारात बाईवर बहुतेक वेळा हेच कलम लागतं.

वरवर हे ठीक वाटतं. दलालाला पकडा, बाईला सोडा. पण कायद्याची व्याख्या नीट वाचली की अडचण कळते. दोन बाया एकाच खोलीत, दोघींच्या फायद्यासाठी हा धंदा करत असतील, तर ती खोली कायद्यानं कुंटणखाना ठरते. मधे दलाल नसला तरी. म्हणजे सोबतीसाठी, सुरक्षिततेसाठी दोघींनी भाड्यानं एकत्र राहायचं ठरवलं, तर घरमालकासकट सगळे अडकू शकतात. एकटी राहिली तर कायद्याची भीती कमी, पण दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाची भीती जास्त.

कलम 4 तर त्याहून चमत्कारिक. वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा 18 वर्षांवरील माणूस गुन्हेगार, 2 वर्षांपर्यंत कैद. हेतू दलालाला पकडण्याचा आहे. पण शब्द असे आहेत की आईच्या पैशावर बारावीनंतर कॉलेज शिकणारा पोरगाही त्यात बसतो, आणि गावाकडं फोनपेवर महिन्याला पैसे येतात म्हणून औषधं घेऊ शकणारा म्हातारा बापही. दलाल मात्र कागदोपत्री मॅनेजर असतो, रूम सर्व्हिसवाला असतो, ड्रायव्हर असतो.

सुटका म्हणजे घरी जाणं नव्हे

छाप्यानंतर बाईला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात. वय तपासलं जातं, घरची चौकशी होते. त्या चौकशीपुरतं तीन आठवड्यांपर्यंत ताब्यात ठेवता येतं. मग कलम 17 खाली मॅजिस्ट्रेट तिला 1 ते 3 वर्षांसाठी संरक्षणगृहात पाठवू शकतात. ती गुन्हेगार नाही, ‘पीडित’ आहे. पण दाराला कुलूप आहे आणि पोरं बाहेर आहेत.

हेच प्रकरण 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मुंबईतल्या छाप्यात सापडलेल्या तीन तरुणींना वर्षभरासाठी सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला होता. न्यायालयानं तो रद्द केला. या कायद्यात वेश्याव्यवसाय हाच मुळात गुन्हा ठरवलेला नाही आणि सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध असं डांबून ठेवता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

मग मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला, ‘वेश्याव्यवसाय आता कायदेशीर’. तो मेसेज अर्धवट आहे. मूळ खटला कोलकात्यात 1999 मध्ये झालेल्या एका बाईच्या खुनाचा. त्यात आरोपीची शिक्षा कायम ठेवून न्यायालयानं 2011 मध्ये या बायांच्या पुनर्वसनासाठी समिती नेमली. समितीनं दहा शिफारशी केल्या. त्यातल्या सहा न्यायालयानं लागू केल्या: पोलिसांनी सन्मानानं वागावं, अत्याचार झाला तर इतर कोणत्याही बाईसारखी वैद्यकीय मदत मिळावी, कंडोम सापडलं म्हणून तो पुरावा धरू नये, संरक्षणगृहांत मर्जीविरुद्ध ठेवलेल्या बायांची पाहणी करावी, वगैरे. पण सज्ञान बाई स्वेच्छेनं धंदा करत असेल तर पोलिसांनी कारवाई करू नये, छाप्यात तिला अटक करू नये, आईपासून मूल तोडू नये, या शिफारशींवर केंद्र सरकारनं आक्षेप घेतला होता. त्या लागू झालेल्या नाहीत. म्हणजे वादाचा गाभाच अजून लटकलेला आहे.

याच आदेशात आपल्यासारख्या बातमी देणाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे. छाप्याच्या बातमीत या बायांची ओळख कळेल असा फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचा नाही. लॉजबाहेर उभं राहून मोबाईलवर शूटिंग करणाऱ्या पोरांनीही हे लक्षात ठेवलेलं बरं. ओढणी बांधली तरी गावातली माणसं चालण्यावरून बाई ओळखतात.

‘कायदेशीर करा’ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी

एक रस्ता परवान्याचा. दारूच्या दुकानाला जसा सरकार परवाना देतं, जागा आणि वेळ ठरवतं, तसं. नेदरलँड्सनं 2000 मध्ये कुंटणखान्यांवरची बंदी उठवली, जर्मनीनं 2002 मध्ये या कामाला मान्यता दिली. 2017 पासून जर्मनीत बायांना नोंदणी सक्तीची झाली. पण नाव कागदावर नको म्हणून अनेकजणी नोंदणीच करत नाहीत, आणि मोठ्या कुंटणखान्यांचे मालक मात्र रीतसर व्यापारी झाले.

दुसरा रस्ता गुन्ह्यातून वगळण्याचा. वेगळा परवाना नाही, पण बाईवर फौजदारी कारवाईही नाही. इतर कामाला लागू असलेले नियम इथंही. न्यूझीलंडनं 2003 मध्ये हे केलं. तिथं चार बायांपर्यंत एकत्र मिळून, मालकाशिवाय काम करू शकतात. आपल्याकडं दोघी झाल्या की कुंटणखाना! बेल्जियमनं 2022 मध्ये हाच रस्ता धरला.

स्वीडननं 1999 मध्ये तिसरीच वाट काढली. बाईला शिक्षा नाही, पैसे देणाऱ्या पुरुषाला शिक्षा. फ्रान्सनं 2016 मध्ये तसाच कायदा केला. तिथल्या बायांच्या संघटनांची तक्रार अशी, की गिऱ्हाईक लपायला लागलं की बाईलाही अंधाऱ्या जागी जावं लागतं.

आपल्या मातीतला वाद

हा विषय परदेशी म्हणून सोडून देता येत नाही. 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देवदासी, जोगतिणी, वाघ्या-मुरळी यांच्या सभेत हे लाजिरवाणं जिणं सोडून द्या, असं स्पष्ट सांगितलं होतं. विरोधकांचं मोठं म्हणणं आजही तिथूनच येतं. या धंद्यात कुणाच्या मुली जातात? कुठल्या जातीच्या, कुठल्या दुष्काळी पट्ट्यातल्या? ज्या घरात खायला नाही तिथं ‘मर्जी’ कसली? मान्यता दिली तर दलालाला प्रतिष्ठा मिळेल आणि गरिबाच्या मुलीवरचा दबाव वाढेल. हा मुद्दा हलका नाही. देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले, तरी गरिबी तशीच राहिली.

दुसरी बाजू सांगलीतून बोलते. तिथं 1996 मध्ये या बायांनी स्वतःच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ काढली. एड्सच्या काळात कंडोम वाटता वाटता उभी राहिलेली ही संघटना. त्यांचं म्हणणं, आम्हाला वाचवायला येणारा आमचं ऐकतच नाही. आमच्यातल्या जबरदस्तीनं आणलेल्या मुलीला ओळखायला आम्हीच पुढं येऊ, पण आधी आमच्यावरच केस टाकणं थांबवा.

या लेखापुरतं बोलायचं तर परवान्याची वाट आपल्याकडं धोक्याची वाटते. परवाना मिळेल तो पैसेवाल्या मालकाला, बाईला नाही. पण कलम 8 खाली बाईलाच पकडणं आणि दोघींच्या खोलीला कुंटणखाना म्हणणं, यातून एकही मुलगी वाचल्याचं दिसत नाही. हप्त्याची सोय तेवढी होते. बाईला गुन्ह्यातून वगळून मुली आणणाऱ्यावर, डांबणाऱ्यावर कडक राहणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

कोरोनात एक गोष्ट दिसली. राज्य सरकारनं ऑक्टोबर ते डिसेंबर 2020 साठी या महिलांना महिन्याला 5 हजार रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी अडीच हजार जाहीर केले. रेशनसाठी ओळखपत्राचा आग्रह धरू नका, असं सर्वोच्च न्यायालयानंही तेव्हा सांगितलं होतं. आधारकार्डासाठी आता राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याचा दाखला चालतो, पत्त्याचा पुरावा नसला तरी.

हे माहीत असू द्या

18 वर्षांखालील मुलीच्या बाबतीत ‘मर्जी’ हा शब्दच कायद्यात नाही. तिथं पोक्सो लागतो. शहरात नोकरी, लग्न, सिनेमात काम अशी थाप मारून मुलीला नेलं असेल आणि संपर्क तुटला असेल, तर अब्रूच्या भीतीनं दिवस घालवू नका. जवळच्या ठाण्यात लगेच तक्रार द्या. पोलीस मदत 112, महिला हेल्पलाइन 181, बालकांसाठी 1098. मोफत वकील हवा असेल तर 15100 वर किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलेला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.