खेळ थांबवणाऱ्यांचं शिक्षण

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फालमथ नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. दर ऑगस्टमध्ये तिथे सात मैलांची, म्हणजे सव्वाअकरा किलोमीटरची शर्यत होते. अंतर फार नाही, म्हणून धावणारे सुरुवातीपासूनच जोर लावतात आणि दमट उकाड्यात त्यातले काही जण कोसळतात. शरीराचं आतलं तापमान अनेकदा ४१ अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. वैद्यकीय तंबूत बर्फाच्या पाण्याचे टब भरून ठेवलेले असतात. रुग्णाला उचलून थेट टबात बसवतात. डोकं पाण्याबाहेर राहावं म्हणून काखेखालून टॉवेल घालून एक जण त्याला धरून ठेवतो. दुसरा पाणी सतत ढवळतो, कारण पाणी हललं नाही तर अंगालगतचा थर लगेच कोमट होतो. मिनिटाला साधारण ०.२ अंश या वेगाने ताप उतरतो. तो ३९ अंशांच्या जवळ आला की रुग्णाला बाहेर काढतात. या शर्यतीच्या १८ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रमामुळे उष्माघात झालेल्या २७४ जणांवर असे उपचार झाले होते आणि २७४ही जण वाचले.

‘आधी थंड करा, मग हलवा’ हा त्यामागचा नियम. अमेरिकेत तो मैदानावर अमलात आणण्याची जबाबदारी प्रामुख्याने ज्यांच्यावर असते, ते अ‍ॅथलेटिक ट्रेनर. जिममध्ये वजनं उचलायला शिकवणाऱ्या ट्रेनरशी त्यांचा संबंध नाही. हे वैद्यकीय पेशातले लोक डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली काम करतात. खेळाडूला दुखापत होऊ नये म्हणून काळजी घेणं, झाली तर जागेवर तपासणं, जीव धोक्यात असेल तर पहिली काही मिनिटं सांभाळणं आणि बरा झाल्यावर त्याला पुन्हा खेळायला तयार करणं, हे सगळं त्यांच्याकडे असतं.

ही मिनिटं हातची गेली तर काय होतं, हे मेरिलँड विद्यापीठात दिसलं. २९ मे २०१८ रोजी जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा अमेरिकन फुटबॉलपटू सरावात धावताना उष्माघाताने कोसळला. त्याला बर्फाच्या पाण्यात ठेवलंच गेलं नाही. रुग्णवाहिका बोलावण्यातही बराच वेळ गेला. १३ जूनला त्याचा मृत्यू झाला. विद्यापीठाने पुढे कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. त्या मैदानावर प्रशिक्षित माणसं हजर होती, म्हणून ही घटना अधिक अस्वस्थ करते. एवढंच नाही, तर अशा मोठ्या विद्यापीठांच्या संघटनांनी २०१६ मध्येच ठराव करून डॉक्टर आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनर यांच्या वैद्यकीय निर्णयांना प्रशिक्षकांनी आव्हान देऊ नये, अशी तरतूद केली होती. कागदावरचा अधिकार तेव्हाच कामी येतो, जेव्हा तो वापरायचं ज्ञान, सराव आणि धाडस त्या माणसाच्या अंगात मुरलेलं असतं. विद्यापीठातली पदवी त्यासाठी असते.

या पदवीला आकार यायला अर्धं शतक लागलं. १९५० मध्ये कॅन्सस सिटीत या लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा बहुतेक जण एखाद्या जुन्याजाणत्या ट्रेनरच्या हाताखाली शिकून तयार झालेले होते. १९६९ मध्ये संघटनेने पहिल्या चार विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांना मान्यता दिली : मँकेटो स्टेट, इंडियाना स्टेट, लमार आणि न्यू मेक्सिको. १९७१ मध्ये टेक्सासने या पेशासाठी परवाना आणला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये त्याला आरोग्यसेवेतला पेशा म्हणून मान्यता दिली. नुसत्या उमेदवारीच्या बळावर प्रमाणपत्र परीक्षेला बसण्याची वाट २००४ मध्ये बंद झाली. मग २०१५ मध्ये मोठा निर्णय झाला. यापुढे पेशात येण्यासाठी पदव्युत्तर पदवीच लागेल, असं ठरलं आणि २०२२ नंतर पदवी स्तरावरच्या अभ्यासक्रमांत नवे प्रवेश थांबले.

आता मुलगा किंवा मुलगी आधी विज्ञानाच्या अंगाने पदवी घेते. जीवशास्त्र, रसायन, भौतिक, मानसशास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया हे विषय आधी झालेले असावे लागतात. मग साधारण दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. त्यात किमान चार आठवडे पूर्णवेळ प्रत्यक्ष कामाच्या जागी काढावे लागतात. तिथे शिकायच्या गोष्टींपैकी घोट्याला टेप लावणं हेच बघा. बाहेरून दिसायला सोपं. आधी त्वचेवर पातळ फोम, वर-खाली आधारपट्ट्या, मग तळपायाखालून घेतलेल्या रिकिबीसारख्या पट्ट्या, आठच्या आकाराचे वेढे आणि शेवटी टाच जखडणारे फेरे. एकही सुरकुती राहिली तर तासाभरात तिथे फोड येतो, आणि पट्टी घट्ट बसली तर बोटं बधिर होतात. याच विद्यार्थ्याला मानेची इजा झालेल्या खेळाडूचं हेल्मेट कधी काढायचं आणि कधी नाही, हेही शिकावं लागतं.

आरोग्यसंवर्धन, म्हणजे हेल्थ प्रमोशन, ही या शिक्षणाची सख्खी बहीण. अनेक विद्यापीठांत दोन्ही विषय एकाच छपराखाली शिकवले जातात. १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्याने आरोग्यसंवर्धनाची चौकट आखून दिली : माणसांना स्वतःच्या आरोग्यावर अधिक ताबा मिळवता यावा. आरोग्यसंवर्धनाच्या पदवीत रोगप्रसाराचं शास्त्र, संख्याशास्त्र, वर्तनाचे सिद्धान्त आणि वस्तीपातळीवरच्या कार्यक्रमांची आखणी-तपासणी शिकवतात. त्यातला एक मूळ धडा १९५० च्या दशकातला आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोगासाठी फुकट एक्स-रे काढायची सोय केली, तरी पुरेसे लोक येईनात. गॉडफ्री हॉकबॉम या मानसशास्त्रज्ञाने लोकांशी बोलून शोध घेतला. आपल्यालाही क्षय होऊ शकतो आणि लवकर कळलं तर फायदा आहे, या दोन्ही गोष्टी ज्यांना पटलेल्या होत्या, त्यांनी एक्स-रे काढून घेतलेला असण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. माहिती पोचवली की काम संपतं, हा समज तिथे खोटा ठरला.

मैदानावर हेच रोज घडतं. डोक्याला मार लागलेला मुलगा ‘मी ठीक आहे’ म्हणतो, कारण त्याला खेळायचं असतं. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट हा १३ वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागल्यावर त्याच सामन्यात पुन्हा उतरला आणि नंतर कोसळला. त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. त्याच्या नावाचा कायदा २००९ मध्ये आला : मेंदूला धक्का बसल्याची शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि आरोग्य-व्यावसायिकाच्या लेखी परवानगीशिवाय आत नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांनी असे कायदे केले.

पण कायदा राबवायला मैदानावर माणूस हवा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे ६६ टक्के माध्यमिक शाळांना अ‍ॅथलेटिक ट्रेनरची सेवा मिळत असल्याचं आढळलं. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याकडे कुणीच नव्हतं. पदव्युत्तर अटीवरचा वाद इथूनच पेटतो. शिक्षण लांबलं, खर्च वाढला, काही विद्यापीठांनी अभ्यासक्रम गुंडाळले. मग गरीब शाळांना माणूस मिळणार कसा, असं विरोधक विचारतात. जीवनमरणाचा निर्णय घेणाऱ्याचं शिक्षण फिजिओथेरपिस्टच्या तोडीचं हवं, असं समर्थकांचं म्हणणं आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

महाराष्ट्रातून तिकडे शिकायला जाण्याचा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. इथली फिजिओथेरपीची पदवी कितीही चांगली असली, तरी तिथे अ‍ॅथलेटिक ट्रेनर होण्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि त्यानंतरची राष्ट्रीय परीक्षा आवश्यक असते.

आणि जे इथेच राहणार आहेत, त्यांच्यासाठीही हा विषय दूरचा नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत धावण्याच्या चाचणीदरम्यान कोसळून काही तरुण उमेदवार दगावले. आज साताऱ्याच्या घाटापासून मुंबईच्या रस्त्यांपर्यंत हजारो लोक मॅरेथॉन धावतात, आणि शाळेच्या मैदानावर बहुतेक वेळा पीटीचे सर एकटेच उभे असतात. पीटी शिक्षकांच्या बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमात क्रीडावैद्यकाचा विषय आहे. त्याला प्रत्यक्ष सरावाची जोड मिळाली, आणि कोसळलेल्या मुलाला कुणी, कुठे, कशाने थंड करायचं हे प्रत्येक शाळेने व प्रत्येक आयोजकाने आधी लेखी ठरवून वर्षातून एकदा तरी करून पाहिलं, तर पहिलं पाऊल पडेल. त्यासाठी नव्या पदवीची वाट पाहावी लागत नाही.