धनगरांच्या ओव्या ऐकणारा जर्मन प्राध्यापक

माहुलच्या कोळीवाड्यात खंडोबाचं नाव निघालं की मला गुंथर सोन्थायमर आठवतात. जन्म १९३४ चा, जर्मनीतल्या उल्मचा. अभ्यास मुळात कायद्याचा, त्यातही हिंदू एकत्र कुटुंबाचा. पण हा माणूस पुण्यात आला, मराठी शिकला आणि पोथ्यांपाशी न थांबता थेट धनगरवाड्यांवर गेला. तिथल्या ओव्या त्याने टेपवर उतरवून घेतल्या! जी गाणी आपण अडाण्यांची म्हणून सोडून दिली, त्यांत त्याला इतिहास दिसला. हायडेलबर्ग विद्यापीठात त्याने वर्षानुवर्षं शिकवलं. १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबावरचा त्याचा जर्मन ग्रंथ आला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी तो इंग्रजीत नेला. पंढरीच्या वारीवर त्याने चित्रपटही केला. १९९२ मध्ये तो गेला.