म्हातारपणीचा आसरा

वृद्धाश्रम हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पण आत काय चालते, हे आपल्या देवणीकडच्या फार थोड्या लोकांनी पाहिले आहे. म्हणून नाना गोष्टी बोलल्या जातात. कोणी म्हणतो, "तिथं म्हाताऱ्याला टाकून देत्यात." कोणी म्हणतो, "लई मजा हाय, आयतं खायला मिळतं." दोन्ही बोलणी अर्धीच खरी आहेत.

याची गरज का पडते, ते आधी पाहू. आपल्या देवणीचे बैल नावाजलेले. थकलेल्या बैलालाही दावणीला जागा देणारे शेतकरी आपल्यात आहेत. मग माणसाला जागा नाही काय? जागा असते, पण जवळ माणूस नसतो. पोरगा पुण्याला कारखान्यात, सून त्याच्याबरोबर. लेक दूर दिलेली. घरात दोन म्हातारी माणसे उरतात. त्यांतले एक गेले की एकच राहते. मग भाकरी थापणारा हातही तोच आणि पाणी भरणाराही तोच. तो हात कापू लागला तर काय करायचे?

ही सोय काही आजची नाही. पुण्याचा ससून दवाखाना पुष्कळांना माहीत आहे. ज्यांच्या देणगीने तो उभा राहिला ते डेव्हिड ससून मूळचे बगदादचे ज्यू व्यापारी. त्यांच्याच देणगीतून १८६३ साली पुण्यात अनाथ पांगुळगृह निघाले. आज त्याला 'निवारा' म्हणतात. पुढे १९६३ साली महाराष्ट्र सरकारने वृद्धाश्रमांची योजना काढली. तीत पुरुषाचे वय ६० आणि बाईचे ५५ पुरे असावे लागते. १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. तेथे काहींची सोय फुकट होते, तर ऐपत असलेल्यांकडून पैसे घेतात.

आता आत जाऊन पाहू. सकाळी चहा, मग गरम पाण्याने अंघोळ, मग न्याहारी. ज्याची त्याची गोळी ज्याच्या त्याच्या वेळेला. दुपारी जेवण, थोडी झोप, संध्याकाळी भजन किंवा गप्पा. ठरल्या दिवशी डॉक्टर येऊन रक्तदाब आणि साखर पाहतात. मी मास्तर, वेळापत्रकाचा माणूस. तरी सांगतो, घंटेवर जगणे सर्वांना मानवत नाही. जन्मभर आपल्या मर्जीने शेतावर गेलेल्या माणसाला पहिले काही महिने फार जड जातात. तेथे पोट भरते, पण नातू दिसत नाही.

पैसेवाल्यांसाठी शहरांत वेगळ्या वसाहती निघाल्या आहेत. पुण्याला 'अथश्री' नावाच्या वसाहती आहेत. अशा ठिकाणी ज्याचे त्याचे घर वेगळे, पण स्वयंपाक, साफसफाई, दवापाणी यांची सोय एकत्र असते. खाटेजवळ घंटेचे बटण असते. दाबले की माणूस धावत येतो. हे आपल्या खिशाला झेपणारे नव्हे. पण त्यातले पुष्कळसे आपण घरी करू शकतो.

म्हाताऱ्या माणसाचा मोठा वैरी म्हणजे पडणे. खुब्याचे हाड मोडले की चालते-बोलते माणूस अंथरूण धरते. म्हणून न्हाणीत आणि संडासात भिंतीला धरायला लोखंडी दांडी बसवावी. शेवाळलेली फरशी खरवडून काढावी. रात्री एक बारका दिवा जळत ठेवावा. खाटेजवळ पितळेची घंटी ठेवली तरी चालते, पण ती ऐकायला कोणीतरी हवे. माणूस अंथरुणाला खिळले असेल तर दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी. नाही तर पाठीला जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. असे सर्व करायला घरात कोणी नसेल तर आश्रमाचा विचार करण्यात लाज कसली?

मात्र एक गोष्ट ध्यानात धरा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुष्कळ आश्रम घेत नाहीत. स्वतः उठून जेवता येते का, अंघोळ करता येते का, हे ते आधी विचारतात.

आता कायद्याचे पाहू. २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा झाला. मुले पोसत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. वकील लागत नाही. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. म्हाताऱ्या माणसाला मुद्दाम कोठे टाकून दिले तर तो गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

शेताच्या बाबतीत तर फारच जपावे. "बाबा, इथं अंगठा लावा," असे म्हणून पुष्कळदा बक्षीसपत्र पुढे येते. अंगठा लावू नका. आता तुम्हाला वाचता येते. सावकाश वाचा. द्यायचेच असेल तर 'मरेपर्यंत मला सांभाळावे' ही अट त्यात लिहून घ्या. अशी अट लिहिलेली असली आणि पुढे सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. नुसत्या तोंडच्या बोलीवर राहिलात तर फार अवघड जाते.

घरीच राहायचे असेल आणि उत्पन्न नसेल, तर ६५ वर्षांपुढे श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसिलात करावा. २०२३ पासून त्यात दरमहा १५०० रुपये मिळतात.

आणि आश्रमात जायचे ठरलेच तर आधी स्वतः जाऊन या. स्वयंपाकघर पाहा, संडास पाहा. तेथल्या माणसांशी कारभारी जवळ नसताना बोला. रात्री दुखले-खुपले तर कोण उठते, ते विचारा. अनामत किती, परत मिळते की नाही, हे कागदावर घ्या. ज्येष्ठांसाठी सरकारी मदतीचा फोन आहे, नंबर १४५६७. त्याला पैसे पडत नाहीत. जवळचा आश्रम कोठे आहे, हेही तेथे विचारता येते.