सातवी नापास, आठवी पास: जुना डेस्कटॉप घेण्याआधी

ग्रँट रोड स्टेशनाबाहेर पडून लॅमिंग्टन रोडला लागलं (पाट्यांवर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग) की काही दुकानांत काळ्या कॅबिनेटांच्या थप्प्या दिसतात. डेल, एचपी, लेनोवो; सगळी एका रंगाची, थोड्याफार फरकाने एका मापाची, आणि बहुतेकांवर इंटेलचा छोटा स्टिकर. अकरावीतल्या मुलीसाठी, किराणा दुकानाच्या बिलिंगसाठी, हाउसिंग सोसायटीच्या ऑफिससाठी कोणी ना कोणी तिथे भाव विचारत असतं. आणि पहिला प्रश्न बहुधा ठरलेला: ‘आय-सेव्हन आहे का?’

या प्रश्नाला ‘आहे’ असं उत्तर मिळालं तरी त्यातून फारसं काही कळत नाही. इंटेलचा आय-७ २६०० हा प्रोसेसर २०११ सालचा. त्यात चार कोअर आणि आठ थ्रेड. २०२२ मध्ये आलेल्या आय-३ १२१०० मध्येही चार कोअर आणि आठच थ्रेड आहेत, पण कामाचा उरक दुपटीहून जास्त, आणि उष्णतेचं कागदावरचं माप ९५ वॉटऐवजी ६० वॉट. ३, ५, ७ हे आकडे एकाच पिढीतल्या भावंडांची उतरंड सांगतात. दोन वेगळ्या पिढ्यांची तुलना त्यांवरून होत नाही. पिढी कळते ती त्यापुढच्या आकड्यावरून. २६०० म्हणजे दुसरी, ६५०० म्हणजे सहावी, ८५०० म्हणजे आठवी. आकडा पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक घ्यायचे: १०४०० म्हणजे दहावी. दुकानदाराने ‘आय-फाइव्ह, एकदम मख्खन’ एवढंच सांगितलं, तर पूर्ण नंबर विचारावा. तो सांगायला का-कू करत असेल, तर तेही एक उत्तरच.

दुसरी शंका याच्या उलट टोकाची: इतकं स्वस्त आहे, म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार. या थप्प्यांमधली बरीचशी यंत्रं बिघडली म्हणून विकलेली नसतात. मोठ्या कंपन्या आणि बँका संगणक भाडेकरारावर घेतात किंवा वॉरंटी संपली की बदलतात. तीन ते पाच वर्षं हा त्यांचा नेहमीचा फेरा. हिशेबाची बाजूही तशीच आहे. आयकराच्या नियमांत संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा मिळतो, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे पन्नास हजारांच्या यंत्राची पुस्तकी किंमत चार वर्षांनी साडेसहा हजारांच्या आत येते. यंत्र तेव्हा ठणठणीत असलं तरी कंपनीच्या लेखी ते संपलेलं असतं. वातानुकूलित ऑफिसात दिवसाचे आठ तास एक्सेल आणि ईमेल चालवलेलं असं यंत्र घरात जुळणी करून चार वर्षं गेमिंगला राबवलेल्या संगणकापेक्षा बऱ्याचदा चांगल्या स्थितीत सापडतं.

म्हणून ‘जुनं ते सोनं, पूर्वीची यंत्रं दणकट’ असंही नाही. डेलची ऑप्टिप्लेक्स जीएक्स २७० आणि जीएक्स २८० ही ऑफिसांत हजारोंनी गेलेली मॉडेलं. त्यांच्या मदरबोर्डवरचे सदोष कपॅसिटर फुगू लागले, फुटू लागले, आणि दुरुस्ती-बदलीपोटी डेलला २००५ मध्ये ३० कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. त्या काळातला बोर्ड आज कोणी ‘ब्रँडेड आहे’ म्हणून पुढे केला, तर नम्रपणे हात जोडावेत.

आता मुख्य प्रश्न, विंडोजचा. विंडोज १० चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. नावनोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षेचे अपडेट पुढे वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केले, पण ती मुदतवाढ आहे, कायमची सोय नाही. तेव्हा आज जुनं यंत्र घ्यायचं आणि विंडोजवरच राहायचं असेल तर विंडोज ११ धरूनच चालावं लागतं. ‘आठ जीबी रॅम आहे ना, मग चालेल’ हा समज इथे तोंडघशी पडतो. विंडोज ११ ची रॅमची अट फक्त चार जीबी आहे. गाडी अडते ती टीपीएम २.० या सुरक्षा-चिपपाशी आणि त्याहून जास्त प्रोसेसरच्या यादीपाशी. इंटेलच्या बाबतीत डेस्कटॉपची ही यादी आठव्या पिढीपासून सुरू होते, त्याआधीचे अपवाद नावापुरते.

यातून गंमत अशी होते की २०१७ च्या सुरुवातीला आलेला त्या वेळचा दिमाखदार आय-७ ७७०० नापास ठरतो, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला साधा आय-३ ८१०० पास होतो. थप्पीत हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ऑप्टिप्लेक्स ७०५० आणि ७०६० शेजारी ठेवले तर सख्खी भावंडं वाटतील, पण पहिल्यात सहावी-सातवी पिढी आहे आणि दुसऱ्यात आठवी. एचपीच्या एलिटडेस्क ८०० मध्ये ही रेघ जी-३ आणि जी-४ यांच्यामधून जाते. लेनोवोच्या थिंकसेंटरमध्ये एम-७१० आणि एम-७२० यांच्यामधून. किमतीत थोडाच फरक असेल तर रेघेपलीकडचं यंत्र घ्यावं, याबद्दल दुमत होण्याचं कारण नाही.

‘अट चुकवून टाकून देतो की विंडोज ११, सगळे टाकतात,’ असं काउंटरवर हमखास ऐकू येतं. टाकता येतं, हे खरं. पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही ठरावीक सूचना असल्याशिवाय ती सुरूच होत नाही, आणि कोअर टू ड्युओच्या काळातल्या प्रोसेसरांत त्या नाहीत. तिथे कुठलीही क्लृप्ती चालत नाही.

मात्र सहाव्या-सातव्या पिढीचं यंत्र म्हणजे भंगार, असं समजणंही तितकंच चूक. लिनक्सला या यादीशी देणंघेणं नाही. लिनक्स मिंट चार जीबी रॅमवर बऱ्यापैकी चालते, तिची २२ वी आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट मिळवत राहील, आणि मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहेच. ब्राउझर, लिबरऑफिस, व्हिडिओ, मुलांचं पायथन शिकणं एवढंच काम असेल तर आय-५ ६५०० पुरून उरतो. ज्यांचं पोट टॅलीवर किंवा फक्त विंडोजवर चालणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरवर आहे, त्यांनी मात्र लिनक्सच्या भरवशावर जुनं यंत्र घेऊ नये. सहा महिन्यांनी पुन्हा दुकानात यावं लागेल.

‘जुना संगणक हँग होतो, प्रोसेसर म्हातारा झालाय’ हे निदान बहुतेक वेळा चुकतं. दोषी असते हार्ड डिस्क. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर विखुरलेली छोटी माहिती शोधायला प्रत्येक वेळी दहाएक मिलिसेकंद लागतात; म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर वेळा शोध. एसएसडीला हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात जमतं. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या वाचनांची रांग लागते, म्हणून जुन्या यंत्रात साधी साटा एसएसडी बसवली तरी ते वेगळंच यंत्र वाटू लागतं. म्हणजेच, दोन यंत्रांची किंमत ताडून पाहताना एकात एसएसडी आहे आणि दुसऱ्यात नाही, तर दुसऱ्याच्या किमतीत तिचा खर्च मिळवूनच तुलना करावी.

रॅमचं तसंच. तिसऱ्या पिढीच्या डीडीआर ३ यंत्रात घरी पडून असलेली डीडीआर ४ ची पट्टी बसत नाही. खाचेची जागाच वेगळी असते. ‘नंतर हळूहळू वाढवू’ या बेताचा सर्वांत मोठा धक्का बसतो तो गेमिंगची स्वप्नं पाहणाऱ्या मुलांना. ऑफिसांतून येणारे आडवे, सडपातळ डबे दिसायला नेटके, पण त्यांत पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड मावत नाही. वीज पुरवणारा एसएमपीएस बेताचा असतो, ऑप्टिप्लेक्स ७०५० च्या छोट्या रूपात १८० वॉटचा. तो बदलावा तर डेल-एचपीची जोडणी बाजारातल्या साध्या एसएमपीएसशी जुळत नाही. मग उरतात फक्त स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर भागवणारी कमी उंचीची कार्डं, जीटीएक्स १६५० च्या काही नमुन्यांसारखी. गेमिंग हाच हेतू असेल तर त्याच मॉडेलचं उभं, टॉवर रूप शोधावं, किंवा ऑफिसच्या यंत्रांचा नाद सोडावा.

विजेच्या बिलाची भीती अर्धी खरी. एसएमपीएसवर ४०० वॉट लिहिलंय म्हणून संगणक तेवढी वीज खातो असं नाही. ती कमाल मर्यादा असते. सहाव्या पिढीपासूनची ऑफिस-यंत्रं हलक्या कामात वीस-तीस वॉटवर भागवतात. त्याउलट पेन्टियम ४ च्या शेवटच्या काही मॉडेलांत नुसत्या प्रोसेसरचीच उष्णता ११५ वॉटपर्यंत मोजलेली होती. दोन यंत्रांत साठ वॉटचा फरक असेल आणि रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस वापर धरला, तर १४४ युनिट. दहा रुपये दराने वर्षाचे चौदाशे चाळीस. फुकट मिळालेलं फार जुनं यंत्र दोन-तीन वर्षांत किती महाग पडतं, ते यावरून कळतं.

खूप जुनं यंत्रच योग्य ठरावं, अशीही एक जागा आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक छोट्या छापखान्यांत आणि लग्नपत्रिकांच्या दुकानांत अजून पेजमेकर आणि श्री-लिपीचे जुने फॉन्ट आहेत. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची. वीस वर्षांच्या पत्रिकांचे साचे तिच्यात अडकलेले, आणि सोबत जुन्या पोर्टलाच लागणारं डोंगल. इथे आठव्या पिढीचं यंत्र घेऊन एक्सपी बसवत बसणं म्हणजे विकतची डोकेदुखी; जुनं कोअर टू ड्युओच बरं. फक्त एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपलेला असल्याने त्याला इंटरनेटची वायर लावू नये. फाइल पेन ड्राइव्हने न्यावी, तीही तपासून.

दुकानात प्रत्यक्ष यंत्र सुरू करून पाहताना तारीख चुकीची दिसली आणि वेबसाइट उघडेनात, तर ‘मदरबोर्ड गेलाय’ असं समजून परतू नये. बहुधा सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, आणि ती किरकोळ किमतीत मिळते. बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड असेल तर मात्र तो काढून दिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्क किती तास चाललीय ते सांगतो. ऑफिसातली डिस्क वर्षाला दोनेक हजार तास चालते. पाच वर्षांच्या यंत्रात चाळीस हजार तास दिसले, तर ती डिस्क साडेचार वर्षं अहोरात्र फिरलेली आहे; सीसीटीव्हीच्या यंत्रातून काढून इथे बसवलेली असू शकते. ‘टेस्टिंग वॉरंटी’ किती दिवसांची, हे बिलावर लिहून घ्यावं, आणि बिल जीएसटीचंच असावं.

दुकानदाराने कौतुकाने विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं ‘भरून’ दिलेलं असेल, तर घरी नेल्यावर ते पुसावं. हे फुकटचं सॉफ्टवेअर ज्या अ‍ॅक्टिव्हेटरने चालतं, त्यासोबत आणखी काय आलंय ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. विंडोज १० सह विकल्या गेलेल्या ब्रँडेड यंत्रांत परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्येच साठवलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर घेऊन त्याच प्रकारची विंडोज, होम किंवा प्रो, नव्याने टाकली की ती इंटरनेटला जोडताच आपोआप सक्रिय होते, वेगळे पैसे न मोजता.