रिकाम्या खोलीत दोन मजली मॉडेल रेल्वे: आधी चढाचा हिशोब, मग प्लायवूड

आमच्या घरी 10 बाय 10 फुटांची एक खोली आहे. गव्हाची कोठी आणि उन्हाळा संपला की कूलर, एवढंच तिथं असायचं. तिथं मॉडेल रेल्वे करायचं ठरवलं आणि विषय जिल्ह्यातलाच घेतला: पुलगाव–आर्वी. 1917 साली सुरू झालेली, सुमारे 35 किलोमीटरची ही नॅरोगेज गाडी आता धावत नाही. निदान खोलीत तरी धावावी, एवढीच इच्छा.

स्केल कोणतं घ्यायचं?

मी एचओ स्केल घेतलं, म्हणजे 1:87. त्या मापात 35 किलोमीटरचे 400 मीटर होतात! म्हणून फक्त तीन स्टेशनं ठेवली: खालच्या मजल्यावर पुलगाव, मध्ये रोहणा, वर आर्वी.

इथं एक सोय झाली. खऱ्या रुळांमधलं अंतर 762 मिमी. त्याला 87 ने भागलं तर 8.8 मिमी येतं. एन स्केलचा तयार ट्रॅक 9 मिमीचा असतो, तोच इथं चालतो. मुंबई–हावडा मेन लाइनसाठी एचओचा 16.5 मिमी ट्रॅक. पुलगावला प्रवासी गाडी बदलायचे, तसंच इथंही. मेन लाइन खालीच राहते, वर चढते ती फक्त छोटी गाडी. त्यामुळे बरीच जागा वाचली.

खरी अडचण: चढ

दोन मजल्यांमध्ये मी 42 सेंमी अंतर ठेवलं. हात घालून काम करता यायला एवढं लागतंच. आधी वाटलं, भिंतीच्या कडेनं ट्रॅक चढवू. पण दार सोडून, कोपरे गोल करून मिळतात जेमतेम साडेदहा मीटर. 42 भागिले 1050, म्हणजे 4 टक्के चढ. फळी तिरपी करून ट्रायल घेतली, तर तीन डबे लावताच इंजिनाची चाकं जागेवरच फिरायला लागली.

मग हेलिक्स. गोल जिन्यासारखा, एकावर एक वेढे घेत वर जाणारा ट्रॅक. त्याचा हिशोब असा:

- त्रिज्या 35 सेंमी, म्हणजे एक वेढा 220 सेंमी.
- एका वेढ्यात चढायची उंची 6 सेंमी: गाडीसाठी 5, प्लाय आणि ट्रॅकसाठी 1.
- 6 भागिले 220, म्हणजे चढ 2.7 टक्के.
- 42 सेंमीसाठी 7 वेढे. एकूण ट्रॅक 15.4 मीटर.

पहिल्या कागदावर मी प्लायची जाडी विसरलो होतो. तसंच कापलं असतं तर डब्याचं छत वरच्या वेढ्याला घासलं असतं आणि प्लायचे पैसे पाण्यात गेले असते. वळणावर गाडी आणखी जड ओढली जाते, म्हणून हिशोब काठावरचा नको.

विदर्भाचं ऊन विसरू नका

रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. 30 अंशांच्या फरकानं एक मीटर रूळ साधारण अर्धा मिमी वाढतो. हेलिक्सच्या 15 मीटरमध्ये ते 7 मिमी झाले. थंडीत ट्रॅक टाकताना फट ठेवली नाही, तर मे महिन्यात तो वाकडा होणारच. म्हणून सगळे जोड सोल्डर करू नका. प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर द्या.

फोनचा उपयोग

फोनमधलं लेव्हल अ‍ॅप अंशांत तिरपेपणा दाखवतं. 2.7 टक्के म्हणजे साधारण दीड अंश. फोन फळीवर ठेवून प्रत्येक वेढा तपासा. कुठं 2 अंश दिसले तर गाडी तिथंच अडणार. नकाशा मात्र कॉम्प्युटरवर काढा, त्यासाठी एक्सट्रॅककॅड मोफत आहे. पुढे डीसीसी पद्धत घेऊन ती वायफायला जोडली, तर इंजिन ड्रायव्हर या अँड्रॉइड अ‍ॅपवरून गाडीही चालवता येते.

आणि हो, हेलिक्स कोपऱ्यात भिंतीला चिकटवू नका. गाडी घसरते ती नेमकी मागच्या बाजूला. सगळीकडून हात पोचेल एवढी जागा सोडा. माझ्या नकाशात त्यासाठी कोठी हलवावी लागली. आईची परवानगी मिळवणं हा वेगळाच चढ होता!